पाहुणे कमी, साक्षीदार पक्के
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विघ्नहर्त्याला वंदन करून बोलायला सुरुवात करतो. लग्नपत्रिकेवर पहिलं नाव त्याचंच असतं, तेव्हा लग्नाचा विषय त्याच्यासमोर काढायला हरकत नाही.

मी वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. रस्ता, मोरी, शाळेची खोली यांची अंदाजपत्रकं करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. तरी मंडळानं मला 'डोंगरावरचं लहान लग्न' हा विषय दिला, कारण यंदा माघात माझ्या पुतणीचं लग्न आम्ही माहूरला चौतीस माणसांत लावलं. त्यानंतर इचोड्यात, आदिलाबादला, गुडीहतनूरला जो भेटेल तो विचारतो, "कसं केलं? आणि भावकीनं काही म्हटलं नाही का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज देतो.

आजकाल मुलंमुली म्हणतात, हजार माणसांचा मांडव नको, डीजे नको. जवळची माणसं घेऊन एखाद्या डोंगरावर जाऊ, सकाळी लग्न लावू, एकत्र जेवू आणि परत येऊ. शहरात याला इंग्रजीतून 'इलोपमेंट' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पळून जाणं. म्हणून घरातल्या आजीच्या कानावर तो पडला की तिच्या पोटात गोळा येतो. पण आईवडील, आजी, मामा सगळे सोबत असतील तर पळून गेलं कोण आणि कोणापासून? या लग्नात पळायचं असलंच तर गर्दीपासून पळायचं.

पळून जाऊन लग्न करण्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये १७५३ साली विवाहाचा कडक कायदा झाला. २१ वर्षांखालच्या मुलामुलींना आईवडिलांची संमती लागू लागली. शेजारच्या स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. मग प्रेमी जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीन नावाच्या गावात जाऊ लागली. तिथं लोहारदेखील आपल्या ऐरणीपाशी लग्न लावून देत. आपण सीमेवरची माणसं, सीमेपलीकडे नियम बदलतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्या लोहाराच्या लग्नालासुद्धा दोन साक्षीदार लागत. आईवडील नको, भटजी नको, गाव नको. साक्षीदार मात्र हवेतच.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. लग्नाला पाहुणे किती, हा प्रश्न दुय्यम आहे. साक्षीदार कोण, हा पहिला प्रश्न आहे.

हे समजायला लांब जायला नको. आपल्या शेजारी नेरडिगोंडा मंडलात कडेम नदीवर कुंटाला धबधबा आहे. १४७ फुटांवरून पाणी पडतं. आपण सगळे तिथं डबे घेऊन गेलेलो आहोत. कुंटाला हे नाव शकुंतलेवरून आलं, असं लोक सांगतात. शकुंतलेचं लग्न गांधर्व विवाह होता. रानातला आश्रम, दोघंच, आणि वडील कण्व बाहेर गेलेले. याहून लहान लग्न कोणतं? पुढं ती दुष्यंताच्या दरबारात गेली तेव्हा राजानं तिला ओळखलं नाही. कालिदासाच्या नाटकात दुर्वासाचा शाप आहे, हरवलेली अंगठी आहे. महाभारतात अंगठी नाहीच. तिथं आकाशवाणीला साक्ष द्यावी लागते. कथा दोन, पण मुद्दा एक. भर दरबारात "होय, हे लग्न झालं, मी पाहिलं," असं म्हणणारं एकही माणूस तिच्या बाजूला उभं नव्हतं. पुरुष विसरला तर चालून गेलं. भोगावं लागलं ते बाईला. म्हणून लहान लग्नाची हौस असलेल्या मुलींना माझं सांगणं आहे की डोंगर निवडा, रान निवडा, पण साक्षीदारांशिवाय जाऊ नका.

दुसरी गोष्ट इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरची. पुष्य अमावास्येला तिथं नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे गोंड बांधव गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात आणि नागोबाची महापूजा करतात. त्यात 'भेटिंग' नावाचा विधी असतो. कुळात नव्यानं आलेल्या सुना पांढरं लुगडं नेसून देवाच्या भेटीला येतात, कुळातल्या मोठ्यांना भेटतात. लग्न आधी कुठं, किती माणसांत झालं, याचा तिथं संबंध नसतो. कुळानं सुनेला पाहिलं, ओळखलं, आपलं म्हटलं, हे महत्त्वाचं. लग्न लागणं आणि समाजानं ते आपलं म्हणणं, ही दोन वेगळी कामं वेगळ्या दिवशी करता येतात, हे आपल्या या शेजाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखलं आहे.

तिसरं उदाहरण महाराष्ट्राचं. सत्यशोधक समाजाची स्थापना झाली त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिला सत्यशोधक विवाह लागला. सावित्रीबाई फुले यांनी त्यात पुढाकार घेतला. खर्च अगदी थोडा, पुरोहित नाही. वधूवरांनी सगळ्यांसमोर एकमेकांना शपथा दिल्या. या शपथा ऐकायला माणसं समोर होती, म्हणूनच त्यांना वजन होतं. लहान लग्न ही आजची फॅशन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आता कायद्याचं सांगतो. सरकारी माणूस आहे, कागदाशिवाय मला चैन पडत नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे लागलं पाहिजे. जिथं सप्तपदीची रूढ आहे, तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू लग्न होत नाही. त्याच निकालात न्यायालयानं असंही बजावलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. म्हणजे मांडव लहान करा, जेवण लहान करा, पण विधी कापू नका. "फोटो काढू, हार घालू, बाकीचं नंतर पाहू," असं डोंगरावर जाऊन करणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. आणि नोंदणी ही कराच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. आपलं घर तेलंगणात आणि लग्न महाराष्ट्रात, असं असेल तर नोंद कुठं आणि कोणत्या कागदांवर होईल, हे जाण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावं. नंतर दोन राज्यांत हेलपाटे घालण्यापेक्षा ते बरं.

मुलगा-मुलगी वेगवेगळ्या धर्मांचे असतील किंवा विधी नकोच असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथं दोघांपैकी एकानं निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. साक्षीदार तीन. जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना कार्यालयाबाहेर बोलावता येतं, पण ती जागा वाजवी अंतरावर हवी. तेव्हा नोटीस आदिलाबादला आणि लग्न चिखलदऱ्याला, असं या कायद्यात बसत नाही. अशांनी सही कार्यालयात करावी आणि मग डोंगरावर जाऊन कुटुंबासोबत आनंद साजरा करावा.

कल्याण लक्ष्मी योजनेबद्दलही लोक विचारतात. २०१४ मध्ये ५१,००० रुपयांनी सुरू झालेली ही मदत पुढं १,००,११६ रुपये झाली. उत्पन्नाच्या मर्यादेतल्या कुटुंबांसाठी ती आहे. मुलीचं वय १८ पूर्ण हवं. मांडव किती मोठा होता, हे कोणी विचारत नाही. कागद मात्र विचारतात. म्हणून लहान लग्न करणाऱ्यांनी कागद मोठ्या लग्नवाल्यांपेक्षा जास्त सांभाळावेत.

आता आमच्या घरचं सांगतो.

पुतणीनं माहूर सुचवलं तेव्हा दादा म्हणाला, "आपण तेलंगणातले, लग्न तिकडे कशाला?" मी त्याला आठवण दिली की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट तालुका आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुराही होता. रेषा बदलली, पण सोयरीक बदलली नाही. शिवाय माहूरगडावर रेणुकामाता, साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ, आणि आमची कुलदेवी. लग्नानंतर देवीला जावंच लागतं, मग देवीच्याच पायाशी लग्न लावलं तर?

दादाला हे पटलं. पटलं नाही ते आमच्या मोठेबाबांना. ते म्हणाले, "पन्नास वर्षं आपण लोकांच्या पंगतीत जेवलो. आता आपल्या घरी पंगत नाही म्हणजे काय? लोकांचं देणं तसंच ठेवायचं?"

मंडळी, हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या लग्नामागे फक्त बडेजाव असतो असं तरुणांना वाटतं. तसं नसतं. खेड्यात पंगत म्हणजे एक हिशेब असतो. त्यांच्या लेकीच्या लग्नात आपण जेवलो, आहेर केला, बैलगाडी दिली. आपल्या वेळी ते येणार. हा हिशेब न चुकवता आपण डोंगरावर निघून गेलो, तर ती माणसं उद्या आपल्या सुखदुःखात कशी येतील? मोठेबाबांचं बरोबर होतं. म्हणून आम्ही लग्न आणि पंगत वेगळी केली. लग्न माहूरला चौतीस माणसांत. पंगत आठ दिवसांनी घरच्या अंगणात, सत्यनारायणाच्या पूजेला. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. आहेर घेतला नाही. नवरा-नवरी दारात उभे राहून प्रत्येकाच्या पाया पडले. हजाराच्या मांडवात स्टेजवर चढून फोटो काढला की पाहुणा उतरतो. नवरीशी एक शब्द बोलणं होत नाही. इथं प्रत्येकाशी बोलणं झालं. मोठेबाबा पंगतीत वाढायला स्वतः उभे होते.

आता चौतीस माणसं कशी निवडली? हा सगळ्यात कठीण भाग आहे. "कोणाला वगळायचं" असा प्रश्न घेऊन बसलं की भांडण ठरलेलं. आम्ही प्रश्न उलटा केला. उद्या या दोघांचं बिनसलं, कोणी आजारी पडलं, नोकरी गेली, तर रात्री बारा वाजता ज्यांना फोन करता येईल आणि जे येतील, ती माणसं कोणती? तीच साक्षीदार. दोन्हीकडच्या लोकांनी वेगवेगळ्या याद्या केल्या. नात्याच्या पायरीवर गेलो असतो तर संख्या शंभरावर गेली असती. या प्रश्नानं ती चौतीसवर आली. तीत मामा होते, दोन्ही आत्या होत्या, मुलीला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि मुलाचा खोलीवरचा मित्र होता. नात्यानं लांबची, पण पक्की माणसं.

जे यादीत नव्हते त्यांना आम्ही आधी सांगितलं, प्रत्यक्ष घरी जाऊन. पत्रिका नव्हती, म्हणून हळदकुंकू आणि नारळ घेऊन गेलो. "लग्न माहूरला घरच्या घरी आहे, तुमचं येणं अमुक दिवशी आमच्या अंगणात," एवढंच बोललो. कारणं देत बसलो नाही. माणूस जेवण चुकल्यानं रुसत नाही. बातमी दुसऱ्याकडून कळली की रुसतो. मोबाइलवर फोटो आधी आणि निरोप नंतर, असं होऊ देऊ नका.

नियोजनाबद्दल माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. अंदाजपत्रक करण्याआधी आम्ही जागेवर जातो. लग्नाचंही तसंच. ज्या महिन्यात लग्न, शक्यतो त्याच ऋतूत आणि त्याच वेळी जागा पाहून यावी. सकाळी ऊन कुठून येतं, वारा किती, होम पेटेल का, हे फोटोत दिसत नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जिथपर्यंत गाडीनं पोहोचेल, तिथंच मांडव घालावा. माझ्या आईचे गुडघे गेलेले. पायऱ्या चढणं तिला शक्य नव्हतं. म्हणून लग्न वर न लावता खालच्या बाजूला, गाडी थेट दारात जाईल अशा एका सभागृहात लावलं. पायऱ्या चढू शकणारे पहाटे दर्शन घेऊन आले, आणि आईनं खालूनच शिखराला हात जोडले. उंच कड्यावरचा फोटो सुंदर येतो, पण आजी खाली गाडीत बसलेली असेल तर त्या फोटोचा काय उपयोग?

पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, औषधाची पेटी, फोनला रेंज, जवळचा दवाखाना, हे पाच प्रश्न आधी लिहून काढा. नवरात्र आणि दत्तजयंतीला माहूरला अलोट गर्दी असते, ते दिवस टाळा. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे; पहाटेचा मुहूर्त नसेल तर म्हाताऱ्यांचे हाल होतात. पावसाळ्यात धबधब्याजवळ लग्न लावण्याचा विचारही करू नका. कुंटालाच्या शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरून किती घरांत अंधार झाला, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. जंगलाचा भाग असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. होमाचा विस्तव रानात नेणं हा खेळ नव्हे. पत्रावळी, बाटल्या, फुलं, सगळं पोत्यात भरून परत आणा.

डोंगरावर दुकान नसतं. म्हणून सामानाची यादी दोघांनी वेगवेगळी तपासावी. अंतरपाट, अक्षता, मुंडावळ्या, हळकुंड, सुपाऱ्या, लाह्या, समिधा, तूप, पाट, तांब्या, काडेपेटी. आमच्या गुरुजींना आम्ही इथूनच सोबत नेलं. विधी पूर्ण करायचा, पण प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगायचा, एवढं त्यांना विनवलं. चौतीस माणसं गोल बसली होती. सप्तपदीच्या प्रत्येक पावलाला गुरुजी थांबले, अर्थ सांगितला, आणि मग पुढचं पाऊल पडलं. माझी आई म्हणाली, "माझ्या लग्नात काय म्हटलं ते मला आज कळलं." मोठ्या मांडवात लाऊडस्पीकरपुढे हे ऐकू येत नाही.

आता पैशाचं. लहान लग्नात पैसा वाचतो, हे खरं. पण वाचलेला पैसा कोणाचा? मुलीच्या बापानं हात आखडण्यासाठी लहान लग्न काढलं, किंवा मुलाकडच्यांनी "लग्नाचा खर्च वाचला, तो आम्हाला द्या," असं म्हटलं, तर त्याला मी लहान लग्न म्हणणार नाही. दुसऱ्या प्रकाराला कायद्यात हुंडा म्हणतात आणि तो १९६१ पासून गुन्हा आहे. दादानं वाचलेली रक्कम पुतणीच्या नावे बँकेत ठेवली, फक्त तिच्या नावे. तिच्या नावाची ठेव ही तिची मालमत्ता, तिच्यावर ना दादाचा हक्क, ना जावयाचा.

आणि एक गोष्ट आईवडिलांसाठी. कधी मुलगा-मुलगी आपल्या मनाविरुद्ध ठरवतात. दोघंही वयात आलेली असतात, कायदा त्यांच्या बाजूनं असतो. अशा वेळी आपण तोंड फिरवलं तर लग्न थांबत नाही. फक्त साक्षीदार बदलतात. आपल्या जागी अनोळखी माणसं सही करतात. विदर्भातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. रुक्मिणीनं स्वतः निरोप धाडला आणि कृष्णासोबत निघून गेली, भाऊ शस्त्र घेऊन मागे धावला. तरी त्याच कौंडण्यपुराहून आजही दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. लेक पळून गेली म्हणून माहेर संपलं नाही. इतक्या पिढ्या लेकीच्या नावानं चालत जाणाऱ्या वाटेवरून आपणही एक पाऊल टाकून पाहावं.

२०२० मध्ये करोनात सरकारनं लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली तेव्हा आपण सगळ्यांनी कुरकुर केली. त्या लग्नांचे संसार आज आपल्यासमोर आहेत. पाहुणे कमी होते म्हणून एकही संसार कमी पडलेला मी पाहिला नाही. मोठं लग्न करणाऱ्यांनी मोठं करावं, मला त्यात वावगं वाटत नाही. मीही त्या पंगतीत आनंदानं जेवेन. पण तुमच्या घरात कोणी लहान लग्नाची गोष्ट काढली, तर "लोक काय म्हणतील" याआधी एक प्रश्न विचारा. उद्या या दोघांसाठी उभं कोण राहणार? त्या माणसांची नावं कागदावर लिहा. ती यादी भरली की मांडव भरला असं समजा.



गणपती बाप्पा मोरया!